गाण्यातली बाई

"ती बाई आजही याच गावात राहते," प्राध्यापक टिळेकर म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून सावकाश प्यायले.

कुठं थांबायचं ते सरांना बरोबर कळायचं. मे महिन्यातली व्याख्यानमाला, मांडव गच्च भरलेला, दिवसभर तापलेली माती खालून अजून वाफ सोडत होती. सरांचं पाणी पिऊन होईपर्यंत लोकांचं खोकणंसुद्धा थांबलं होतं.

"नाव मी घेणार नाही. कवीनं घेतलं नाही, तिथं मी कोण घेणारा? एवढंच सांगतो, की ती एका भांड्यांच्या दुकानाची मालकीण आहे."

बार्शीत तेव्हा भांड्यांची मोठी दुकानं दोनच होती. त्यातल्या एकाचा मालक विधुर होता. दुसरं आमचं.

मी आणि आई बायकांच्या बाजूला बसलो होतो. अप्पा पलीकडं, व्यापारी मंडळींत. आधी दोन-चार माना वळल्या, मग मांडवच्या मांडव आमच्याकडं वळला. आईचं भाषणाकडं लक्ष नव्हतं. तिनं माझ्या कानाशी वाकून विचारलं, "कुणाबद्दल बोलायलेत गं?"

मला तिच्या तोंडाकडं बघवेना. मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते."

'गाण्यामागचं गाणं' असं सरांच्या कार्यक्रमाचं नाव होतं. दोन गायक, एक गायिका, पेटी, तबला, आणि मधे सर. आधी गाणं व्हायचं, मग सर त्याचा अर्थ उलगडायचे. आपल्याला वाटतो तो अर्थ गाण्याला कधीच नसायचा. ज्या अंगाईवर आम्ही सगळे झोपलो होतो, तिच्यात कवीचा परागंदा झालेला भाऊ आहे, हे त्यांनी आदल्या वर्षी सिद्ध केलं होतं. तेव्हापासून आमच्या शेजारच्या काकू नातवाला झोपवताना रडायला लागल्या होत्या. सर कॉलेजात मला मराठी शिकवायचे. वर्गात म्हणायचे, लिहिलंय ते कुणीही वाचतो, न लिहिलेलं वाचा. एवढी हुशारी अंगात असली की माणसाला जवळचं दिसेनासं होतं, हे मला त्या वर्षी कळलं.

गाणं जयवंत आगट्यांचं होतं. आता रेडिओवर क्वचित लागतं, पण तेव्हा लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर, सगळीकडं तेच असायचं.

निळ्या दारची साखळी वाजे, कुणी उघडेना दार,
तीन पायऱ्या चढून आलो, परतीस नाही थार;
डाव्या गालीचा तीळ तुझा गं, मला दिव्याचा आधार...

आगटे उमेदवारीच्या काळात बार्शीत पाटबंधारे खात्यात कारकून होते, हे खरं. आईच्या माहेरी, कापशांच्या घरी, माडीवरच्या खोलीत ते वर्षभर भाड्यानं राहिले, हेही खरं. सर स्वतः सोमवार पेठेत जाऊन ते घर बघून आले होते. दार निळं. पायऱ्या तीन. आणि त्या घरची मुलगी, म्हणजे माझी आई रत्नमाला होनराव, हिच्या गालावर तीळ. आई त्या वेळी सतरा वर्षांची होती. बास, सरांना आणखी काय पाहिजे?

घरी आलो तेव्हा अप्पा आधीच येऊन बसले होते. अप्पा म्हणजे मन्मथ होनराव, गावात शब्दाचा पक्का म्हणून नाव असलेला माणूस. बोलणं कमी, राग त्याहून कमी. 'निळ्या दारची' हे त्यांचं सगळ्यात आवडतं गाणं होतं, हे सांगितलं नाही तर त्या संध्याकाळचं काही कळायचं नाही. दुकानात कल्हईची भांडी लावताना ते गाणं लागलं की ते गिऱ्हाइकाला बोटानं थांबवायचे.

"कुमुद, तू आत जा," ते म्हणाले.

मी आत गेले आणि दाराआड उभी राहिले.

"तो भाडेकरू होता, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं? आमच्याकडं चार भाडेकरू होऊन गेले. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"एवढं गाणं लागायचं रोज. तुला एकदा म्हणावं वाटलं नाही?"

"काय म्हणू? हा माणूस शिंका लई द्यायचा, म्हणून?" आईला अजून हसू येत होतं. तिला वाटत होतं की ही नुसती गावगप्प आहे, दोन दिवसांत विरेल. "आणि ते दार निळं कुठं होतं तेव्हा? माझ्या लग्नाच्या वेळी रंग लावला त्याला. आगटे कधीच गेले होते. आणि माझा तीळ बघा की. उजव्या गालावर आहे."

अप्पांनी तिच्या गालाकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "समोरून बघणाऱ्याला तो डावाच दिसतो."

आईचं हसू तिथं गेलं.

त्या दिवसापासून अप्पा तिच्याशी बोलायचे थांबले. भांडण नाही, आदळआपट नाही. "कुमुद, तिला म्हणावं मीठ कमी आहे." "कुमुद, तिला विचार माझा सदरा कुठाय." मी मधे आणि दोन्हीकडं आईबाप. दुपारचं जेवण त्यांनी दुकानात मागवायला सुरुवात केली. दुकानात कुणी मुद्दाम ती ओळ गुणगुणत आलं, की भाव न करता भांडं देऊन टाकायचे आणि त्याला वाटेला लावायचे. गावाला तर कामच मिळालं होतं. आई भाजीला गेली की बायका तिच्याशी बोलताना तिच्या गालाकडं बघत बोलायच्या.

एका रविवारी अप्पांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. बघत मात्र माझ्याकडंच होते.

"कुमुद, तिला सांग. गोष्ट चार लोकांत गेलीय, चार लोकांतनंच परत आली पाहिजे. त्या आगट्यांना नाहीतर त्या टिळेकराला चार लोकांत सांगू दे, की ही बाई ती नव्हे. मग माझ्या मनात काही राहणार नाही. नाही सांगितलं, तर तिनं लातूरला भावाकडं जाऊन राहावं. मी वर्षाचं सगळं धाडीन. पण या घरात एका छपराखाली मला जमायचं नाही."

"अहो, पण मी सांगायले ना," आई म्हणाली. "मी, तुमची बायको."

"कुमुद, तिला म्हणावं, तिनं सांगून उपयोग नाही. तिचं सांगणं खरं की नाही, तोच तर प्रश्न आहे."

अप्पा तोंडातून निघालेला शब्द मागं घेत नसत. आईनं त्याच दिवशी पेटीतली लुगडी वर काढून ठेवली, नेसायची वेगळी आणि न्यायची वेगळी. मग डोळे पुसले आणि मला म्हणाली, "चल, तुझ्या सरांकडं."

सरांनी आमचं स्वागत फारच आदरानं केलं. कोकमाचं सरबत आलं. ते आईकडं असे बघत होते, की जणू देवळातली मूर्ती चालत त्यांच्या घरी आली आहे. आईनं सगळं सांगितलं. दाराचा रंग, तिळाची बाजू, आणि त्या माणसाशी आपण उभ्या आयुष्यात "पाणी तापलंय" याच्यापलीकडं बोललो नाही, हे.

सरांनी डोळे मिटून ऐकलं. "पाणी तापलंय," ते हळूच म्हणाले. "वा."

"वा काय त्यात?" मी म्हटलं.

"कुमुद, तू तरी असं विचारू नकोस. वहिनी, मला सांगा, दार नंतर निळं झालं, म्हणजे काय झालं? कवीला ते आधी दिसलं. कवी पुढचं बघतो. आणि डावा-उजवा म्हणाल, तर तो समोर उभा होता. ही तर उलट माझ्या बाजूची साक्ष आहे."

"सर, माझं घर मोडायलंय," आई म्हणाली. तिनं हे इतक्या सरळ सांगितलं, की सरांनी पेला खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याला घाबरवता आलं असतं.

"मला फार वाईट वाटतंय वहिनी. पण मी अभ्यासक आहे. मला जे आढळलं ते मी खोटं कसं म्हणू? हां, खुद्द कवी म्हणाले तर गोष्ट वेगळी. पुढच्या महिन्यात त्यांचा नागरी सत्कार ठेवलाय आपण. ते येतायत. त्यांच्या तोंडून आलं, तर मी तिथल्या तिथं कान पकडीन."

सत्कार सरांनीच घडवून आणला होता. व्याख्यानाची बातमी सोलापूरच्या पेपरात आली होती आणि गावाला एकाएकी आठवलं होतं, की एवढं मोठं गाणं आपल्या सोमवार पेठेत जन्माला आलं. आता आईचं सगळं त्या एका माणसाच्या तोंडावर येऊन थांबलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी आम्ही डाक बंगल्यावर गेलो. आगटे व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. केस काळेभोर रंगवलेले, कानांच्या मागं मात्र पांढरे राहिलेले. समोर बशीत पोहे होते आणि ते त्यातले शेंगदाणे वेचून बाजूला काढत होते.

"या, या. आपण?"

"मी कापशांची रत्नमाला," आई म्हणाली.

त्यांना काही बोध झाला नाही. "कापसे, कापसे..."

"सोमवार पेठ. माडीवरची खोली."

"हां, शेंगांची चटणी," त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुमच्या आई काय चटणी करायच्या. लोखंडी उखळातली. तशी पुन्हा कुठं खाल्ली नाही. पण त्यांना मुलगी होती का? मला आपला एक मुलगा आठवतो. सायकल होती त्याची."

"मुलगी होती," आई म्हणाली. "तुमच्या आंघोळीचं पाणी मीच तापवत होते."

"असेल, असेल. फार वर्षं झाली हो."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सुटल्यासारखं वाटलं असणार, आणि त्याच्याखाली दुसरंही काहीतरी असणार. ज्याच्यापायी संसार उधळायला निघाला होता, त्याला ती आठवतच नव्हती.

"मग गाण्यातलं निळं दार कुठलं?" मी विचारलं.

आगटे मनापासून हसले. गोष्ट सांगायला त्यांना आवडत असावी. "त्या गाण्याची गंमत सांगतो तुम्हाला. कोल्हापुरात एका पिक्चरचं काम चाललं होतं. हीरो तमासगिरिणीच्या दारात उभा राहून गातो, असा प्रसंग. चाल आधीच तयार. संगीतकार पेटीवर चाल वाजवतोय, नुसतंच ला ला ला म्हणतोय, आणि मी समोर बसून त्या ला ला मध्ये शब्द कोंबतोय. आमचा धंदाच तो. हिरव्या दारची म्हटलं, तर मीटरमध्ये बसेना. निळ्या बसलं. डाव्या घेतलं, कारण उजव्या म्हणताना गवयाचा श्वास अडकायचा. दुपारचं मटण शिजेपर्यंत गाणं झालं. पुढं पिक्चर डब्यात गेला, रेकॉर्ड तेवढी चालली."

"आणि तीळ?"

"हिरॉइनचा. काजळाचा लावायची. कधी इकडं, कधी तिकडं. मेकअपवाल्याला शिव्या बसायच्या त्यावरून."

आई पुढं सरकून बसली. "दादा, हे एवढंच आज संध्याकाळी सांगा. आत्ता बोललात तसंच. माझे मालक समोर बसणार आहेत. तुम्ही सांगितलं नाही, तर उद्या मला घर सोडायचंय."

आगट्यांनी बशी बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा आता सावध झाला होता.

"बाई, मी जवळजवळ तीनशे गाणी लिहिली. बाकीची आज मलाच आठवत नाहीत, लोकांचं तर सोडा. मधली कितीतरी वर्षं कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. टिळेकरांनी हे शोधून काढलं आणि माणसं पुन्हा दाराशी यायला लागली. आता त्यांच्यासमोर मी मटण आणि काजळ सांगू?"

"शोधून काढलं नाही त्यांनी. बनवलं."

"गाणं एकदा लिहून झालं, की ते ऐकणाऱ्याचं असतं बाई. त्यांनी काय अर्थ लावावा, हे मी सांगू नये. तसं आमच्यात कुणी सांगत नाही."

"गाणं ऐकणाऱ्याचं, ते कळलं," आई म्हणाली. "मी कुणाची, ते सांगा. माझाही अर्थ त्यांनीच लावायचा का?"

आगटे बागेतल्या माळ्याकडं बघत बसले. मग त्यांनी हात जोडले. "काळजी करू नका. तुम्हाला त्रास होईल असं मी बोलणार नाही. तुमचं नाव माझ्या तोंडून येणार नाही, शब्द देतो."

"नाव येत नाही, हीच तर पंचाईत आहे. नाव घ्या आणि नव्हे म्हणा."

"बघतो. करतो काहीतरी. निश्चिंत राहा."

त्या 'निश्चिंत राहा'वर आई परत आली. घरी येऊन तिनं बाजूला काढलेली लुगडी पुन्हा पेटीत ठेवली, आणि अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "कुमुद, त्यांना सांग, आम्ही आगट्यांना भेटून आलो. ते आज बोलणार आहेत. त्यांनी यावं." संध्याकाळी अप्पा धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून आमच्या पुढं चालायला लागले.

नाट्यगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्हाला मात्र दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं, खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. तिथंच मला पाल चुकचुकल्यासारखं झालं. अप्पा, मी आणि आई असे बसलो. सगळे सोपस्कार झाले, मानपत्र झालं, शाल झाली, नारळ झाला. मग गायकानं 'निळ्या दारची' म्हटलं, लोकांनी परत म्हणायला लावलं, आणि आगटे बोलायला उभे राहिले.

सुरुवातीला बार्शीची हवा, बार्शीचं पाणी, शेंगांची चटणी. मग ते थांबले. टिळेकरसरांसारखेच थांबले.

"लोक मला विचारतात, ती कोण होती."

आईनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता. अप्पा खुर्चीत पुढं झुकले.

"मी पंचवीस वर्षं उत्तर दिलं नाही. आज द्यावं असं ठरवून आलो होतो." आगट्यांनी चष्मा काढून पुसला. "पण आज सकाळी, डाक बंगल्यावर, मी ज्या दारासमोर आयुष्यभर उभा होतो, ते दार स्वतः चालत माझ्यापर्यंत आलं. म्हणालं, माझं नाव घेऊ नका. मित्रांनो, मी शब्द दिलाय. यापुढं मला विचारू नका."

टाळ्या किती वाजल्या ते सांगत नाही. मागच्या बाजूला माणसं उभी राहिली होती. आईच्या पलीकडची अनोळखी बाई डोळ्यांना पदर लावून आईकडं बघत होती, आणि त्या बघण्यात निंदा नव्हती, भक्ती होती. मला ओरडायचं होतं, की सकाळी मी तिथं होते, मला विचारा, या माणसाला ही बाई आठवतसुद्धा नव्हती. मी अर्धी उठलेही. आईनं मला खाली ओढलं.

"बस खाली," ती म्हणाली. "आता कोण ऐकतंय?"

तेवढ्यात टिळेकरसर माइकवर आले. "रसिकहो, गाणं लिहिणाऱ्याचा सत्कार आपण केला. पण अशा गाण्याला ज्यानं आपल्या घरात जागा दिली, सगळं ठाऊक असून ज्यानं एका शब्दानं कुणाला दुखावलं नाही, अशा मोठ्या मनाच्या माणसाचा सत्कार केल्याशिवाय हा समारंभ पुरा होणार नाही. मी श्री. मन्मथराव होनराव यांना विनंती करतो."

अप्पा दचकले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. अख्खं नाट्यगृह त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. भांड्यांचा व्यापारी माणूस, चार लोकांत कधी कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. मला वाटलं, आता उठतील आणि तरातरा बाहेर जातील. आईला लातूरला धाडतील, पण हे घेणार नाहीत. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं पाय आवळून त्यांना जायला वाट करून दिली, बाहेरच्या बाजूला.

अप्पा उठले, टोपी सारखी केली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढले.

नगराध्यक्षांनी शाल घातली. आगट्यांनी त्यांना मिठी मारली. अप्पांना मिठीचं काय करायचं ते कळेना, मग त्यांनीही आगट्यांच्या पाठीवर दोनदा थोपटलं. फोटो निघाला. तो पुढं कितीतरी वर्षं दुकानात गल्ल्याच्या वर लावलेला होता.

मग महिला मंडळाच्या दोघी ताट घेऊन खाली आमच्याकडं आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. "वहिनी, ओटी भरायची आहे," एक म्हणाली. सगळे बघत होते. आई त्यांच्याकडं बघत राहिली, ताटाकडं बघत राहिली. आमच्यात सवाशीण ओटी नाकारत नाही. नाकारली तर नवऱ्याच्या जिवावर येतं म्हणतात, आणि तिचा नवरा तर समोर व्यासपीठावर नवी शाल पांघरून उभा होता. आईनं उठून पदर पसरला. त्यांनी ओटी भरली, कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "बघा, कबूल केलं बाईनं."

घरी परतताना वाटेत चार जणांनी थांबवून अप्पांचे हात हातात घेतले. पानवाल्यानं पैसे घेतले नाहीत. वेशीपाशी गर्दी विरळ झाली तेव्हा अप्पांनी शाल काढून नीट घडी घातली. मी हात पुढं केला, नेहमीप्रमाणे, मधली म्हणून. त्यांनी माझ्या हातावरून शाल पुढं नेली आणि आईकडं दिली.

"पेटीत ठेव," ते आईला म्हणाले. "कसर लागेल."

इतक्या दिवसांनी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द. आई शाल छातीशी धरून चालत राहिली. थोड्या वेळानं तेच पुढं म्हणाले, "झालं ते झालं. माझ्या मनात आता काही नाही. लातूरला जायचं कारण नाही."

"काय झालं होतं?" आईनं विचारलं.

"असू दे. मी तुला काही विचारणार नाही."

"विचारा की. मी सांगते."

"नको म्हटलं ना," अप्पा मायेनं म्हणाले. खरोखर मायेनं. असा आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि त्या आवाजाची मला इतकी चीड आली, की मी झपाझप पुढं निघून गेले.

त्यानंतर अप्पा देवमाणूस झाले. गावानं केलं आणि त्यांना ते मानवलं. आईशी गोड बोलायचे, पंचमीला न विचारता लुगडं आणायचे, तिनं भाजी खारट केली तरी हसून खायचे. न केलेल्या गुन्ह्याची माफी माझी आई रोज दोन वेळा जेवत होती. पुढं माफीचाही अभिमान झाला. माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले, सुट्टीला आले की बघायची, दुकानात कुणी परगावचा व्यापारी आला, की अप्पा दोन कप चहा सांगायचे आणि म्हणायचे, "ते निळ्या दारची ऐकलंय ना तुम्ही? ते आमच्या हिच्यावर आहे."

एका दिवाळीत नगरहून जावयाकडचे म्हणजे माझ्या सासरकडचे पाहुणे आले होते. अप्पांनी त्यांना सगळी कथा सांगितली. शेवटी आत हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा. पाहुण्यांना बघायचंय."

आई पदर सावरत बाहेर आली. पाहुण्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. "बाई, ते गाणं तुमच्यावर आहे म्हणे?"

मी आईकडं बघत होते. अप्पा तर किती कौतुकानं बघत होते.

"हो," आई म्हणाली. "माझ्यावरच आहे."

ती आत आली तशी मी तिच्या मागं आले. मोरीपाशी तिला गाठलं. "असं का म्हणालीस? तुला माहीत आहे, मला माहीत आहे. एक काजळाचा ठिपका, आणि तू हो म्हणालीस?"

आई पाहुण्यांचे कप विसळत होती. तिनं वर बघितलं नाही.

"नाही म्हणत होते, तोवर कुणी घरात ठेवायला तयार नव्हतं," ती म्हणाली. "हो म्हटल्यापासून बघायला माणसं येतात. फराळाची ताटं घे, त्यांना उशीर होईल."